तुझं भलं आम्ही बघतो

माणूस सुखाकडे धावतो आणि दुःख टाळतो, या एका गृहीतावर जेरेमी बेंथमने १७८९ साली कायद्याचे अख्खे शास्त्र उभे केले. त्यावर नेहमीचा आक्षेप असा, की त्याने माणसाला जमाखर्च मांडणारा दुकानदार करून टाकले. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. माणूस नफातोटा बघतोच. पण हिशेबाची वही असते कोणाच्या हातात?

बेंथमचा शिष्य जेम्स मिल हिंदुस्थानात कधी आला नाही. तरी १८१७ मध्ये त्याने या देशाचा इतिहास छापला आणि दोन वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला लागला. शेतीचा खर्च आणि कसणाऱ्याचा मोबदला वजा जाता उरेल त्यातून सरकारने सारा घेतला तर रयतेचे काही बिघडत नाही, हे त्याचे मत. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने ते अमलात आणले: निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा! गणित चोख, पण उत्पन्नाचे आकडेच खरे नव्हते. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. १८३५ मध्ये इंदापुरापासून सगळे नव्याने करावे लागले.

याच मिलचा १८२० चा राज्यकारभारावरचा निबंध बघा. सत्ता हाती आली की कोणीही स्वतःचेच हित पाहणार, म्हणून राज्यकर्त्यांवर लोकप्रतिनिधींचा धाक हवा. पटते. पण बायकांना मताधिकार नको, कारण त्यांचे हित बाप-नवऱ्याच्या हितात आलेच, असेही तो म्हणतो. म्हणजे राजा स्वार्थी, सरदार स्वार्थी, नवरा तेवढा फरिश्ता! ॲना व्हीलरच्या विचारांच्या आधारे विल्यम थॉम्पसनने १८२५ मध्ये या मुद्द्यावर पूर्ण पुस्तक लिहून उत्तर दिले. आणि हा थॉम्पसन बेंथमच्याच गोतावळ्यातला.

मिलचा तो युक्तिवाद मला ओळखीचा वाटला. मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिलेला आहे. तरी वडिलांच्या पश्चात आमच्या किती घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ‘माहेर तुटायला नको आपा, तुझं भलं आम्ही बघतो ना.’ असे म्हणणारे भाऊ दुष्ट नसतात, त्यांना खरेच तसे वाटत असते.

माझ्या फुफीने सही केली त्या दिवशी मी सगळ्यांना चहा देत होतो. तिला वाचायला उर्दू यायची, कागद मराठीत होता. तुला जमीन हवी का, असे तिला कोणी विचारले नाही. मीही नाही.