रिमोट स्टार्ट आणि हप्ता

दिवाळीच्या पॉटलकला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. टेक्सस नाहीतर कॅलिफोर्नियातून नुकतंच इकडे मिनियापोलिसला आलेलं कुणीतरी, हातात फराळाची प्लेट घेऊन, विचारतं, "नवी गाडी घेतोय. रिमोट स्टार्ट टाकून घेऊ का? की उगाच पैसे घालवायचे?" लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आम्ही पंधरा वर्षं काचा खरवडल्या, आम्हाला काय झालं? दुसरा म्हणतो, अरे त्यात विचार कसला करायचा, आता सगळं ॲपमध्येच येतं.

माझ्या मते दोन्ही तट चुकतात. पण दुसरा जास्त चुकतो, आणि त्यात बहुतेक सगळे आपल्यासारखेच सॉफ्टवेअरवाले असतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी काच खरवडणाऱ्यांचं बघू. ज्यांनी इथला जानेवारी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : ३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसमध्ये पारा उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. ते टोक झालं, पण उणे वीसची इथे बातमी होत नाही. अशा थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची सीट म्हणजे पाटा. स्टीअरिंगला हातमोज्यांशिवाय हात लावायची सोय नाही. बाहेरच्या काचेवरचा बर्फ स्क्रेपरने निघतो हो, पण काचेच्या आतल्या बाजूला गोठलेल्या दवाचं काय करणार? ते खरवडायला गेलं की अंगावरच त्याचा भुगा पडतो, आणि दोन श्वास घेतले की काच पुन्हा पांढरी. मिनेसोटाच्या कायद्यात (कलम १६९.७१) स्पष्ट लिहिलंय की दव किंवा हिमाने समोरची काच धूसर असताना, नीट दिसत नसताना, गाडी चालवायची नाही. म्हणजे हीटर आधी चालू असणं ही चैन नाही.

लहान मूल असेल तर प्रश्नच मिटला. इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की कार सीटच्या पट्ट्यांखाली फुगीर जॅकेट घालू नका. अपघातात जॅकेट दाबलं जातं, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. म्हणजे उणे वीसमध्ये दोन वर्षांच्या पोरीचं जॅकेट गाडीत काढायचं, मग तिला बांधायचं, आणि वरून पांघरूण घालायचं. गार गाडीत हे करून बघा. ती जो काही सूर लावते तो चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. "आम्हाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांची मुलं आता कॉलेजात आहेत, हे विसरू नये.

पहिल्या तटाचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो प्रदूषणाचा. तिथे आपली बाजू लंगडी आहे हे मान्य करू. इंजिन तापवायला पंधरा मिनिटं लागतात ही समजूत कार्बुरेटरच्या जमान्यातली. इथली पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की थंडीतही निघण्यापूर्वी तीस सेकंद पुरेत. पुढे इंजिन चालता चालता तापतं, आणि उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. म्हणजे तुम्ही गाडी चालू ठेवता ती इंजिनासाठी नव्हे, स्वतःसाठी आणि काचेसाठी. दोन लिटर इंजिनाची छोटी गाडी तासभर नुसती उभी चालू ठेवली तर अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल पिते, कडाक्याच्या थंडीत आणखी जास्त. रोजची सात-आठ मिनिटं धरली तर अख्ख्या हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या आठवड्याचं पेट्रोल सुद्धा होत नाही. पण गल्लीतल्या पन्नास गाड्यांनी हेच केलं तर धूर शेजारच्याच्या खिडकीत जाणार, हेही खरं. जर्मनीत तर विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतुकीच्या नियमांतच बंदी आहे, गाडी तापवायलासुद्धा. ते लोक आतली हवा तापवायला वेगळा हीटर बसवतात.

माझा नियम असा : पारा उणे दहाच्या खाली किंवा काचेवर बर्फ, तरच बटण. एरवी जॅकेट घाला आणि निघा. (पुण्याचे मित्र मे महिन्यात एसी आधी सुरू करायला हीच सोय वापरतात. त्यांना एकच सांगणं, आधी दोन मिनिटं चारी दारं उघडा. निम्मी धग फुकटात बाहेर जाते.)

थोडक्यात, रिमोट स्टार्ट घ्या. वाद "घ्यावा का" असा नाहीच. वाद कुठला घ्यावा याचा आहे.

रिमोट स्टार्टच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक किल्लीतली. किल्लीवरचं बटण दाबलं की रेडिओ लहर निघते, गाडी तो कोड तपासते, इंजिन सुरू. किल्ली आणि गाडी, मध्ये हवा. विषय संपला.

दुसरी ॲपमधली. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे, गाडी समोर चाळीस फुटांवर. बटण दाबलं की विनंती फोनमधून इंटरनेटवर, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर. तिथे तुम्ही कोण ते तपासायचं, मग तुमचं सब्स्क्रिप्शन चालू आहे का ते तपासायचं, मग विनंती मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर, तिथून टॉवरवर, टॉवरवरून गाडीतल्या सिमला. ते बिचारं झोपलेलं असतं, त्याला उठवायचं, मग इंजिन. शिवाजीनगरहून डेक्कनला व्हाया नागपूर! आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर एखादी टीम ऑन-कॉल बसलेली आहे. आपणच त्या टीममध्ये असतो, मंडळी. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नये हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी सोमवारी सकाळी उणे पंचवीसमध्ये या साखळीवर विसंबावं?

लांबचा रस्ता एक वेळ परवडला. खरी गोम त्या सब्स्क्रिप्शन तपासणाऱ्या एका ओळीत आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये टोयोटाचं प्रकरण बाहेर आलं. २०१८ आणि त्यानंतरच्या ज्या गाड्यांत त्यांची रिमोट कनेक्ट सेवा होती, त्यातल्या अनेकांत किल्लीवरचं रिमोट स्टार्टसुद्धा सब्स्क्रिप्शनला बांधलेलं निघालं. सुरुवातीची मुदत फुकट, ती संपली की महिन्याला ८ डॉलर किंवा वर्षाला ८० डॉलर. पुन्हा वाचा. ॲप नाही, किल्ली. ती लहर कुठल्याही सर्व्हरकडे जात नाही. यंत्र तुमचं, अँटेना तुमचा, बॅटरी तुमची, पेट्रोल तुमचं. मध्ये फक्त एक "इफ" टाकलेला, आणि तो पैसे भरेपर्यंत "फॉल्स". बोंब झाल्यावर कंपनीने फेरविचार करू म्हटलं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटचं मासिक भाडं लावून पाहिलं, लोक खवळले, २०२३ मध्ये ते गुंडाळलं. सीटमधली तार गाडीच्या किमतीत आधीच आलेली, पण ती तापू द्यायचे पैसे वेगळे. आपल्याकडे दुकान तुमचं असून ते उघडू देण्याचे महिन्याला पैसे घेतात, त्याला हप्ता म्हणतात. इथे त्याला रिकरिंग रेव्हेन्यू म्हणतात.

यावर तुमच्यातले शहाणे म्हणणार, सर्व्हर काय फुकट चालतात का? नाही चालत, मलाही माहीत आहे. सिमचा डेटा, क्लाउडचं बिल, सपोर्टची माणसं, सगळ्याला पैसे पडतात. ॲपचे पैसे घ्या, माझी तक्रार नाही. ज्याला विमानतळावरून गाडी सुरू करायची त्याने ते द्यावेत. पण ज्या कामाला सर्व्हर लागतच नाही ते काम सर्व्हरला बांधायचं आणि मग सर्व्हरचा खर्च दाखवायचा, हा हिशोब आपल्या धंद्यातल्या माणसाने तरी गिळू नये.

बरं, पैसे भरले म्हणून तरी ते टिकतं का? अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षं होतं. मोबाइल नेटवर्कची पिढी मात्र गाडी धडधाकट असतानाही बंद होऊ शकते. एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ला थ्रीजी बंद केलं, व्हेरायझनने त्याच वर्षाच्या शेवटी. बऱ्याच कंपन्यांच्या धडधाकट गाड्यांचं ॲप एका दिवसात मेलं. काहींना नवा मोडेम मिळाला, काहींना नुसतं दिलगिरीचं पत्र. किल्लीला टूजी, थ्रीजी, फाइव्हजी काही माहीत नसतं. सेल बदलला की झालं.

आता सुरक्षा. सॅम करी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की कियाच्या वेबसाइटमधल्या भोकातून, नुसत्या नंबर प्लेटवरून, साधारण अर्ध्या मिनिटात गाडी उघडता येत होती, सुरू करता येत होती, कुठे आहे तेही कळत होतं. जाहीर करण्याआधी कियाने ते भोक बुजवलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण त्यातली खरी मेख अशी की मालकाचं सब्स्क्रिप्शन चालू असो वा नसो, हल्ला चालायचाच. म्हणजे पैसे भरले नाहीत तर मालकाला गाडी लांबून सुरू करता येणार नाही, चोराला येईल! पुढे जानेवारी २०२५ मध्ये सुबारूचं तसंच उघड झालं. तिथे कर्मचाऱ्यांच्या पोर्टलमधून शिरकाव झाला, आणि गाडी गेलं वर्षभर कुठे कुठे फिरली ते नकाशावर दिसत होतं. कुठला डॉक्टर, कुठलं देऊळ, कुणाचं घर, सगळं.

आणि तो माहितीसाठा काही फक्त हॅकरलाच दिसतो असं नाही. जनरल मोटर्सने गाड्यांमधला चालवण्याचा तपशील विकला, तो डेटा दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत गेला, हे न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०२४ मध्ये छापलं. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई जाहीर केली. तुम्हाला हवा होता एक हीटर. त्याच्या बरोबर घरात कोण येऊन बसलं बघा.

मग करायचं काय?

डीलरकडे सही करायच्या आधी एक साधा प्रश्न विचारा : फुकट मुदत संपल्यावर, मी एक पैसा दिला नाही, तर किल्लीवरून गाडी सुरू होईल का? मी तीन ठिकाणी विचारलं. एकाला उत्तर माहीत होतं. दुसऱ्याने "बहुतेक होईल" म्हटलं आणि तिसरा मला ॲपचा रंग दाखवत बसला. बहुतेकवर तीस-पस्तीस हजार डॉलर देऊ नयेत. उत्तर लिहून मागा.

किल्लीची सोय नसेल तर बाहेरून बसवून घ्या. इकडे हा जुना धंदा आहे, गाडीप्रमाणे साधारण चारशे ते आठशे डॉलरमध्ये चांगलं काम होतं, आणि लांब पल्ल्याची, गाडी सुरू झाली की उलट कळवणारी किल्लीही मिळते. डीलर वॉरंटीची भीती घालेल. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे निव्वळ बाहेरचा भाग बसवला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला तर गोष्ट वेगळी, म्हणून बसवणारा नीट निवडा. त्याला विचारा, इमोबिलायझरचं काय करणार? गाडीची खरी किल्ली डॅशबोर्डखाली लपवून ठेवतो म्हणाला तर आल्या पावली परत फिरा. ते चोराला आमंत्रण. गाडीशी जुळवलेलं मॉड्यूल लागतं. बॉनेट उघडं असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून तिथे स्विच लागतो, तो टाकणार का तेही विचारा. गिअर हाताने टाकायची गाडी असेल तर माझं मत, या फंदात पडूच नका. गिअरमध्ये राहिलेली गाडी रिमोटने सुरू झाली की ती तुमच्याशिवायच ऑफिसला निघते :)

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं बरं आहे, धूर नाही, भिंतीतल्या विजेवर आतली हवा तापते. पण तिथेही ॲपच्या आधी गाडीच्या स्क्रीनवर निघायची वेळ लावता येते का ते बघा. रोज सकाळी पावणेआठला निघणाऱ्या माणसाला सर्व्हरची गरज नसते, गजराची असते.

एक गोष्ट मात्र किल्ली असो की ॲप, दोन्हीला लागू. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी असेल तर रिमोट स्टार्ट वापरायचाच नाही, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वरच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असतं. घरात डिटेक्टर नसेल तर या वीकेंडला आधी तो आणा, गाडी बघायला नंतर जा.