विमानतळ झाले, खाडीचा सातबारा कोणाच्या नावे?

उलव्याचा डोंगर फोडला, उलवे नदीचे पात्र वळवले, खाजणात भराव पडला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली. ११६० हेक्टरचा हा पसारा पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची ने-आण करणार आहे. त्यासाठी चिंचपाडा, कोंबडभुजे, गणेशपुरी, तरघर, वाघिवली, कोल्ही-कोपर अशी पनवेल तालुक्यातली दहा गावे उठली. आगरी, कोळी, कराडी हे इथले मूळचे लोक. मिठाच्या आगरावरून ज्यांना आगरी म्हणतात, त्यांनीच बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवला. शहर आले ते फार नंतर.

जमिनीचा मोबदला कोणी आपणहून दिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. सिडको १९७० साली स्थापन झाली. पुढे १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. विमानतळासाठी २०१४ साली तेच साडेबावीस टक्क्यांवर गेले, घराच्या बदल्यात भूखंडही ठरले. लढा नसता तर हेही मिळाले नसते.

पण हा सगळा हिशेब सातबाऱ्यावरचा. ज्याचे पोट खाडीवर, त्याचे काय? पाग, बोक्शी घेऊन भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळणाऱ्या कोळ्याच्या नावे गुंठाभर जमीन नसते. बोईट, कोलंबी, चिंबोरी, निवट्या हे त्याचे पीक, पण तलाठ्याच्या पीकपाहणीत ते कुठे येते? घर गेले म्हणून घराचा भूखंड मिळेल. रोजची मासळी गेली, तिला भूखंडाच्या टक्केवारीत जागा नाही.

हा हक्क मागता येत नाही असे मात्र नव्हे. शेजारच्या उरणातलेच उदाहरण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. जबाबदार धरले जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, ही गोष्ट वेगळी. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणातही उच्च न्यायालयाने २०२१ साली राज्याला मच्छीमारांच्या भरपाईचे धोरण करायला सांगितले आणि २०२३ साली ते आले.

म्हणजे वाट आहे. खरी अडचण यादीची. सोसायटीचा सभासद, होडीची नोंद, मासेमारीचा परवाना असे पुरावे मागितले की होडीवाला कसाबसा बसेल. पण ओहोटीला चिखलात उतरून कालवं फोडणारी, खुबे वेचणारी, टोपली डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात बसणारी बाई कुठला कागद दाखवणार? तिच्याकडे होडी नाही, सभासदत्व बहुतेक नवऱ्याच्या नावे. विमानतळाला दि. बां.चे नाव देण्याचा ठराव २०२२ साली झाला, त्यासाठी माणसे हजारोंनी रस्त्यावर आली होती. आता गावकीने प्रत्येक पाड्यात बसून, खाडीत कोण उतरत होते त्यांची नावे बायकांसकट लिहून काढावीत. वस्त्या विखुरल्या, जुनी माणसे चालली. साक्ष द्यायला कोणी आहे तोवरच हे काम होईल.