सेनाधुरंधर कोठे गेले?

पाकिस्तानने मे २०२५ मध्ये आपल्या लष्करप्रमुखांना फील्ड मार्शल केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात घटनेत सत्ताविसावी दुरुस्ती करून ते पद, तो गणवेश आणि फौजदारी कारवाईपासूनचे संरक्षण त्यांना आमरण बहाल केले. त्या देशात यापूर्वी हे पद एकदाच दिले गेले होते. ते १९५९ मध्ये, लष्करी सत्तेच्या जोरावर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अयूबखानांना. बहुतेक देशांनी सैन्यातील सर्वोच्च पद अडगळीत टाकले असताना शेजारी त्याला असा नवा मुलामा चढावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ही पदे लोप का पावतात आणि ती लोप पावणे इष्ट का, हे म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी दूर जावयास नको. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा इतिहासच या प्रश्नाचे उत्तर देतो.

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात विलीन झाले. १७५५ मध्ये पहिले रघूजी वारले आणि त्यांच्या मुलांत वारसाचा तंटा उभा राहिला. पेशव्यांच्या मध्यस्थीने तो मिटला तो असा : जानोजींना वडिलांची ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी आणि नागपूरची गादी, मुधोजींना चांदा व छत्तीसगड हे प्रांत आणि ‘सेनाधुरंधर’ ही पदवी. सैन्याची धुरा वाहणारा, असा त्या पदवीचा अर्थ. परंतु ती मिळाली कोणत्या रणांगणावर? भावाभावांच्या वाटणीत. पदवीबरोबर प्रांताचा वसूल आला. तो वसूल चांद्याच्या रयतेने भरला. पुढे दुसऱ्या रघूजींच्या काळात त्यांचे बंधू व्यंकोजी यांनाही हीच पदवी आणि हेच प्रांत मिळाले. म्हणजे सेनाधुरंधर हे पद राहिले नव्हते. धाकट्या पातीच्या निर्वाहाची ती सोय झाली होती.

मराठी राज्याची सुरुवात अशी नव्हती. शिवाजी महाराजांच्या काळी सेनापती हा नेमलेला अधिकारी होता आणि कसूर झाल्यास तो दूर होत असे. नेताजी पालकरांसारख्या सेनानीलाही १६६६ मध्ये पद सोडावे लागले. वेतन शक्यतो रोख द्यावे, जहागीर देऊ नये, हा महाराजांचा दंडक होता. राजारामांच्या काळात खजिना रिता झाला, सरदारांना मुलूख तोडून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि सरंजामाबरोबर पदही घराण्याच्या मालकीचे होऊ लागले.

पद मालकीचे झाले की राज्यकर्त्याला ते काढून घेता येत नाही; मग तो त्याच्या शेजारी दुसरे निर्माण करतो. सेनापती चंद्रसेन जाधवांवर भिस्त ठेवता येईना, तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना ‘सेनाकर्ते’ केले. ‘सेनासाहेबसुभा’ भोसल्यांकडे होते. ‘सेनाखासखेल’ पुढे बडोद्याच्या गायकवाडांकडे गेले. चांद्यास ‘सेनाधुरंधर’ आले. राज्य एक आणि सेनेचे धनी अनेक! नाण्यात हिणकस धातू मिसळून टांकसाळ चालू ठेवावी, नाणी वाढावीत आणि त्यांची किंमत उतरावी, तसाच हा प्रकार होता.

किंमत किती उतरली हे १७३१ मध्ये डभईच्या रणात दिसले. पेशवे पहिले बाजीराव यांच्याविरुद्ध लढताना खुद्द सेनापती त्रिंबकराव दाभाडे ठार झाले, आणि ते पद त्यांच्या अल्पवयीन भावाला, यशवंतरावांना, देण्यात आले. कारभार मातोश्री उमाबाईंनी पाहिला. नागपुरातही तेच घडले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी भोसले मारले गेले आणि ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी मुधोजींच्या अल्पवयीन मुलाच्या, जानोजींनी दत्तक घेतलेल्या रघूजींच्या, नावे चालू राहिली. जे पद लहान मुलाला धारण करता येते, त्या पदाचे काम उरलेले नसते, हे उघड आहे.

पुढचा क्रम ठरल्यासारखाच होता. १८०३ च्या देवगावच्या तहात पदवीचा उल्लेख झाला, पण कटक आणि वऱ्हाड गेले. १८१६ मध्ये तैनाती फौज आली. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि पदवीही इतिहासजमा झाली. इंग्रजांनी ती पदवी मारली असे म्हणणे सोयीचे आहे. वस्तुतः तिचा प्राण केव्हाच गेला होता.

आधुनिक जगातील कारणे वेगळी दिसतात. मुळाशी गोष्ट तीच आहे. अमेरिकेने पंचतारांकित पद १९४४ मध्ये काढले ते महायुद्धातील गरजेपोटी. ब्रिटिश फील्ड मार्शलांबरोबर काम करणाऱ्या, प्रसंगी त्यांना हुकूम देणाऱ्या सेनानींना तोलामोलाचा दर्जा हवा होता. १९५० नंतर तेथे ते कोणालाही दिले गेले नाही. ब्रिटनमध्ये सैन्य लहान झाले, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात शांतताकाळातील नेमणुका थांबल्या. चीनने १९५५ मध्ये दहा मार्शल केले, १९६५ मध्ये सगळ्याच पदश्रेणी रद्द केल्या, आणि १९८८ मध्ये त्या पुन्हा आणताना मार्शलपद वगळले. मोठ्या सैन्यांची, दोस्त राष्ट्रांच्या संयुक्त आघाड्यांची गरज सरली, तसे पदाचे काम सरले.

भारताने या बाबतीत दाखवलेला विवेक नोंदण्यासारखा आहे. माणेकशॉ १ जानेवारी १९७३ रोजी फील्ड मार्शल झाले आणि दोनच आठवड्यांत लष्करप्रमुखपदावरून उतरले. करिअप्पा १९५३ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांना हा मान १९८६ मध्ये मिळाला. हवाई दलाचे अर्जनसिंग १९६९ मध्ये निवृत्त झाले. त्यांना मार्शलपद २००२ मध्ये मिळाले. हा बहुमान सेवेच्या अखेरीस किंवा निवृत्तीनंतर दिला गेला. त्याच्या बळावर कोणी सैन्य हाती ठेवले नाही. २०१७ मध्ये अर्जनसिंग वारल्यानंतर देशात असा कोणी हयात अधिकारी उरला नाही. २०२० च्या आरंभी संरक्षण दलप्रमुख हे नवे पद सुरू झाले, तेही चार ताऱ्यांचे आणि मुदतीचे.

येथेच खरा मुद्दा आहे. फील्ड मार्शल रूढीने कधी निवृत्त होत नाही. ज्याला निवृत्ती नाही त्याच्याकडून हिशेब कोणी आणि केव्हा घ्यावा? लोकशाहीत शस्त्र हाती असलेल्या प्रत्येकाची नेमणूक करणारा कोणी असावा लागतो, त्याला मुदत असावी लागते आणि त्याच्या कृत्याची चौकशी करता यावी लागते. गडचिरोलीच्या जंगलात ही गोष्ट पुस्तकी नाही. दशकानुदशके एका बाजूला नक्षलवाद्यांच्या आणि दुसऱ्या बाजूला सरकारी दलांच्या बंदुका पाहिलेल्या आदिवासीला खांद्यावरच्या ताऱ्यांशी कर्तव्य नाही. गोळी सुटल्यावर जाब कोणाला विचारायचा, एवढेच त्याला हवे असते. सरकारी दले पोलिसांची असोत वा लष्कराची, तत्त्व एकच.

याच मुलखात १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात ते फाशी गेले. कोणत्याही दरबाराने त्यांना सेनाधुरंधर म्हटले नव्हते. आज चांद्यात सेनाधुरंधर कोण होते हे कोणाला आठवत नाही. शेडमाक्यांचे नाव मात्र गावोगावी घेतले जाते. मान द्यावयाचा तो समाज देतोच. अधिकार द्यावयाचा तो मात्र मोजून, मुदतीने आणि परत घेता येईल असाच द्यावा. कोणी शौर्याच्या नावाने आमरण पदाची मागणी पुढे आणील, तेव्हा कार्यकर्त्यांनी लोकांना चांद्याची ही कहाणी सांगावी.