दान नव्हे, देणे

नागपूर कोणी वसविले, असे कोणी विचारले तर भोसल्यांचे नाव चटकन ओठांवर येते. इतिहासाचे उत्तर निराळे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून या नगराचा पाया घातला. त्याचा पुत्र चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, तट उभारला आणि जुम्मा तलाव बांधविला. त्या तलावास आपण आज गांधीसागर म्हणतो. भोसले येथे आले ते चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर, वारसाचा तंटा मिटविण्याच्या निमित्ताने. ज्या समाजाच्या राजाने हे नगर वसविले, त्या समाजातील माणसे आज गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यांतून याच नगरात येतात ती बहुधा रुग्ण म्हणून, मजूर म्हणून, किंवा हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन. हे नगर त्यांच्यासाठी जे काही करते, त्यास ते ‘मदत’ म्हणते. हा शब्द बरोबर आहे काय, एवढाच आज आमचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ भावनेचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत संसदेनेच मान्य केले आहे की, परकीय अमदानीत आणि स्वतंत्र भारतातही सरकारी जंगलांची निश्चिती होत असता वननिवासींचे वडिलोपार्जित हक्क नीट नोंदले गेले नाहीत, आणि त्यातून ‘ऐतिहासिक अन्याय’ घडला. राज्यसंस्था आपल्याच दोषाची अशी स्पष्ट कबुली क्वचितच देते. अन्याय कबूल केल्यावर समोरच्यास जे द्यावयाचे उरते, त्यास मराठीत दान म्हणत नाहीत, देणे म्हणतात. वाण्याची उधारी चुकती करणारा मनुष्य त्याच्या दुकानावर आपल्या नावाची पाटी लावून येत नाही.

उद्योगपतींनी हे विशेषेकरून ध्यानात घ्यावयास हवे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावयाची असते. त्या पैशातून शाळा निघतात, दवाखाने चालतात, विहिरी खोदल्या जातात. या कामांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. आजारी मुलास औषध मिळाले, तर ते कोणाच्या खिशातून आले याची चिकित्सा त्याची आई करीत बसत नाही. परंतु हा दोन टक्क्यांचा हिशेब नफा झाल्यानंतरचा आहे. ज्या डोंगरातून तो नफा निघाला, तो डोंगर खोदावा की नाही, हे तेथील माणसांस विचारले होते काय, हा हिशेब त्याच्या आधीचा आहे. आणि आधीचा हिशेब चुकला, तर नंतरच्या उदारतेने तो जुळत नाही.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि त्याच डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे. दरवर्षी तेथे यात्रा भरते. आपण शहरवासी त्या डोंगरात खनिज पाहतो, ते देव पाहतात. आणि शासनाच्या कागदावर यांतील एकाच गोष्टीची किंमत टनांत लिहिता येते. लोखंड देशास नको, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. रोजगार हवा, रस्ता हवा, असे म्हणणारे तरुण त्या भागातही आहेत. म्हणूनच तर विचारणे अगत्याचे आहे. विचारणे याचा अर्थ ‘नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवणे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला, आणि सरकारास तो मानावा लागला. त्यामुळे देश बुडाला नाही.

कॅनडातील आदिम जनांच्या मुलांस आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालण्याचा जो अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ सूचना केल्या. त्यांतील ९२ वी उद्योगजगतास उद्देशून आहे. तिचा मथितार्थ असा: काम सुरू करण्यापूर्वी मोकळेपणाने व पूर्ण माहिती देऊन संमती घ्या, नोकरी व प्रशिक्षण यांत न्याय्य वाटा द्या, आणि आपल्या अधिकाऱ्यांस या समाजाचा इतिहास शिकवा. देणगीस या क्रमात पहिले स्थान नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यासाठी परदेशाकडेच पाहावयास हवे असेही नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार २०११ मध्ये ग्रामसभेकडे आला, आणि बांबूविक्रीचा पैसा गावाच्या हाती खेळू लागला. त्या गावास कोणी दान दिले नाही. त्याचे त्यास परत केले. त्याच जिल्ह्यात १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी इस्पितळ बांधण्यापूर्वी ते कसे असावे, हे आदिवासींसच विचारले. म्हणून ते झोपड्यांच्या धर्तीवर उभे राहिले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव लाभले. आधी विचारणे आणि मग बांधणे, या क्रमातच सारी सभ्यता सामावली आहे.

मग नागपूरने काय करावे? राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय येथे आहे. कोळसा व मँगनीज काढणाऱ्या दोन मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयेही येथेच आहेत. म्हणजे अरण्याविषयीचे कितीतरी निर्णय याच शहरातील मेजांवर होतात. या कार्यालयांत रुजू होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास गोंडी वा माडिया भाषेचा परिचय व वनहक्काचा कायदा शिकविला जावा. प्रत्येक कंपनीने आपल्या वार्षिक अहवालात खर्चाच्या आकड्यांआधी संबंधित ग्रामसभेचा ठराव जसाच्या तसा, नकार असल्यास नकारासह, छापावा. भरपाई, पुनर्वसन, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा ही कायद्याचीच देणी आहेत. ती सामाजिक दायित्वात मोजण्यास २०२१ च्या नियमांनी मज्जाव केला आहे. त्या देण्यांची छायाचित्रे काढून ती औदार्य म्हणून मिरविण्याचा मोहही आता सोडावा.

आणि आपण सामान्य नागरिक? वर्षातून एकदा जुने कपडे गोळा करून पाठविणे सोपे आहे. त्याहून कठीण काम म्हणजे आपल्या मुलास गांधीसागराच्या काठी नेऊन, हे पाणी कोणाच्या राजाने येथे अडविले ते सांगणे. ज्यास आपण ऋणको आहोत हे ठाऊक आहे, तो धनकोशी निराळ्या स्वरात बोलतो. नागपूरचा तो स्वर बदलला, तर दोन टक्क्यांच्या पैशासही अर्थ येईल.