नातवाचा ट्रक, आजोबांचा हात

ज्येष्ठांना छंद सुचवायची वेळ आली की आपल्याकडची यादी ठरलेली असते. बागकाम, भजनी मंडळ, शब्दकोडे, फार तर कॅरम. या सर्व छंदांविषयी मला आदर आहे. परंतु प्रत्येकाचा पिंड तसा नसतो. ज्याने आयुष्यभर हातात पाना धरला, त्याच्यापुढे शब्दकोडे ठेवले तर तो दोन दिवसांत ते बाजूला सारतो आणि घरची मंडळी म्हणू लागतात, "बाबांना आता कशातच रस उरला नाही." अशा वाचकांसाठी आज एका वेगळ्या छंदाविषयी लिहितो आहे. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकची, मातीच्या खडबडीत मार्गावरची शर्यत हा तो छंद. तो कसा खेळतात, गाडी कशी जुळवतात आणि उतारवयात तो खेळताना काय सांभाळावे, हे क्रमाने पाहू.

हा विषय माझ्यापर्यंत एका रुग्णामुळे आला. वय ७१, सारी हयात एस.टी.च्या कार्यशाळेत गेलेली. पत्नीच्या निधनानंतर मुलाने त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, टेक्सासला नेले. तिथे दिवसभर घर रिकामे. बाहेर पडावे तर पायी जाण्याजोगे काही नाही आणि गाडी चालवण्याचा परवानाही नाही. झोप उडाली, भूक मंदावली, वजन चार किलोंनी घटले. मुलाने मला फोन केला, तेव्हा तेथील डॉक्टरांना तातडीने दाखवण्यास मी सांगितले. नैराश्याचे निदान होऊन औषध सुरू झाले. त्याच सुमारास नातवाच्या शर्यतीच्या ट्रकचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर गळू लागला आणि तो आजोबांनी दुरुस्त केला. पुढच्या शनिवारी नातू त्यांना शर्यतीच्या मैदानावर घेऊन गेला. परत आल्यावर ते मला म्हणाले, "डॉक्टर, गोळी तर घेतलीच. पण त्या पोरांना माझी गरज पडली, त्यानं जास्त गुण आला." औषधाचा वाटा मी कमी लेखत नाही; नैराश्यावर उपचार घ्यावेच लागतात. मात्र आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

खेळाची ओळख

हा खेळ मुख्यतः जपान आणि अमेरिकेत वाढला. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये वाळू-मातीवर धावणाऱ्या रिमोटच्या गाड्या बाजारात आणल्या. कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेड या कंपनीची १९८४ मधील आरसी-१० ही गाडी खास शर्यतीसाठी बनलेली होती. पुढे २००८ मध्ये टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश हा ट्रक आला आणि अमेरिकेच्या वाळवंटी शर्यतींतील खऱ्या ट्रकसारखा दिसणारा छोटा ट्रक घरोघरी पोहोचला. हा ट्रक खऱ्याच्या एक दशांश आकाराचा, सुमारे अर्धा मीटर लांब आणि साधारण दोन-अडीच किलो वजनाचा असतो. आता आपल्याकडेही छंदाच्या वस्तूंच्या दुकानांत अशा गाड्या मिळतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांची एक फेरी बहुधा पाच मिनिटांची असते. तेवढ्या वेळात ज्याचे वेढे अधिक, तो पुढे. येथेच ज्येष्ठांना दिलासा देणारे एक साधे गणित आहे. एक वेढा २५ सेकंदांचा धरला, तर पाच मिनिटांत १२ वेढे होतात. घाई करून प्रत्येक वेढ्यात अर्धा सेकंद वाचवला, तरी एकूण सहाच सेकंद वाचतात. त्या घाईत ट्रक एकदा उलटला आणि कुणी येऊन तो सरळ करेपर्यंत थांबावे लागले, की ते सहा सेकंद एका फटक्यात जातात. म्हणून न उलटता, एकसारखे वेढे घालणारा संथ हात पुष्कळदा चपळ पण उतावळ्या हाताच्या पुढे निघतो.

हाताची शिस्त

रिमोट पिस्तुलासारखा धरायचा असतो. तर्जनीखालचा खटका मागे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की ब्रेक लागतो. दुसऱ्या हाताने छोटे चाक फिरवून दिशा द्यायची. नवशिक्याला पहिली अडचण येते ती डाव्या-उजव्याची. ट्रक आपल्याकडे तोंड करून येऊ लागला की त्याचे डावे ते आपले उजवे होते. यावर उपाय असा, की आपण ट्रकच्या आत बसलो आहोत अशी कल्पना करावी. मैदानात दहा-बारा पावलांच्या अंतराने दोन विटा ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालावेत. पहिले काही दिवस चालण्याच्या वेगाने. अनेक गाड्यांत मोटरची शक्ती निम्मी करण्याची सोय असते. तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

वळणाचा नियम खऱ्या गाडीसारखाच आहे. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत लावावा. वळणात वेग स्थिर ठेवावा. नाक पुढच्या सरळ मार्गाकडे वळले की मग खटका हळूहळू ओढावा. ज्या ट्रकची फक्त मागची चाके ओढतात, त्यात वळणाच्या मध्यावर खटका झटकन ओढला की शेपूट सरकते आणि गाडी गोल फिरते. नजर ट्रकवर खिळवू नये. तो दोन सेकंदांनी जिथे पोहोचणार, तिथे असावी.

उंचवट्यावरून उडी घेतल्यावर ट्रक हवेत असतानाही चालकाच्या हाती थोडे नियंत्रण उरते. हवेत खटका ओढला की चाके जोराने फिरतात आणि त्याच्या प्रतिक्रियेने नाक वर उचलले जाते. ब्रेक लावला की नाक खाली येते. पुढच्या उंचवट्याच्या उतारावर चारही चाके टेकतील अशी उडी उत्तम. ट्रक जमिनीवर टेकण्याच्या क्षणी मात्र ब्रेक दाबलेला नसावा, नाहीतर ट्रक नाकावर कोलमडतो.

गाडीची जुळणी

निवृत्त मंडळींना खरी गोडी लागते ती इथे. जुळणीचा क्रम टायरपासून सुरू करावा, कारण मातीशी संबंध फक्त टायरचा असतो. मोकळ्या, भुसभुशीत मातीला उंच खुटे असलेला टायर लागतो. कठीण, घट्ट बसलेल्या मातीवर बारीक नक्षीचा आणि मऊ रबराचा टायर अधिक पकड देतो.

त्यानंतर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. ट्रक थोड्या उंचीवरून टेबलावर सोडावा. तो स्थिर झाल्यावर चाकांना धरणारे खालचे दांडे साधारण आडवे दिसले, तर जमिनीपासूनची उंची सुरुवातीसाठी योग्य समजावी. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल दाट असेल तर हालचाल मंद होते. मोठ्या उड्यांवर ते उपयोगी पडते. बारीक खाचखळग्यांवर पातळ तेल बरे. थंडीत तेच तेल दाटते, उन्हात पातळ होते, म्हणून सकाळी उत्तम चाललेला ट्रक दुपारी उधळू लागला तर नवल मानू नये.

लक्षणांवरून निदान करण्याची सवय आम्हा डॉक्टरांना असते. इथेही तेच चालते. वळणात ट्रक वळत नाही, सरळ बाहेर जातो? पुढची पकड अपुरी आहे. पुढची स्प्रिंग मऊ करून पाहावी. शेपूट सरकते? मागची स्प्रिंग मऊ करावी. पळून आल्यावर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापते? मोटरवरचे छोटे दातेरी चाक एखाद्या दाताने लहान घ्यावे. वेग थोडा घटेल, पण मोटर टिकेल. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला, हे कळत नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्या एकाच दिवशी बदलू नका असे आम्ही सांगतो, त्यामागेही हेच कारण असते. माझ्या त्या रुग्णाने नातवासाठी अशी वही ठेवली. तारीख, माती ओली की कोरडी, तेल, स्प्रिंग, वेढे. आता ते येथे आणि नातू तिथे; तरी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर वही उघडलेली असते.

शरीर काय म्हणते?

चष्मा: दूरचे व जवळचे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्यातून खाली पाहिले की दूरचा ट्रक धूसर दिसतो, कारण काचेचा खालचा भाग वाचनाचा असतो. पायऱ्यांवरही असाच चष्मा पाय चुकवतो. केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. ट्रकचा वरचा भाग पिवळा किंवा नारिंगी असावा आणि पुढच्या-मागच्या बाजूंचे रंग वेगळे असावेत.

थरथर: हात कापत असेल तर आधी कारण शोधण्यासाठी डॉक्टरांना दाखवावे, प्रत्येक थरथर वयामुळे नसते. निदानानंतर रिमोटवरच्या सोयी उपयोगी पडतात. चाके वळण्याची कमाल मर्यादा कमी करता येते. काही रिमोटवर चाकाच्या मध्याजवळचा प्रतिसाद सौम्यही करता येतो. त्यामुळे बारीक कंप ट्रकपर्यंत पोहोचत नाही.

बोटे आणि अंगठा: खटक्यावर सतत दाब दिल्याने बोट अडकण्याचा किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला संधिवात वाढू शकतो. पकड सैल ठेवावी, दहा मिनिटांनी विश्रांती घ्यावी.

तोल: शर्यतीच्या मैदानावर चालक उंच मंचावर उभे राहतात. कठड्याला धरूनच चढावे-उतरावे. उलटलेले ट्रक सरळ करण्यासाठी मार्गावर उभे राहण्याची पाळी खेळाडूंवर येते. ज्येष्ठांनी ती आयोजकांना सांगून नातवाकडे द्यावी. अडीच किलोचा वेगवान ट्रक घोट्यावर आदळला तर हाड मोडू शकते आणि वाकून उठताना चक्करही येते. घरी ट्रक जमिनीवर पडू देऊ नये. रात्री त्याला अडखळून पडणे परवडणारे नाही. गच्चीवर व रस्त्यावर हा खेळ नकोच. शाळेचे मैदान किंवा पीक काढलेले शेत उत्तम.

मधुमेह असल्यास बंद बूट घालावेत, सोबत खाऊ व पाणी ठेवावे. दम्याच्या रुग्णांनी धुळीत मुखपट्टी वापरावी आणि इंधनावर चालणाऱ्या गाड्यांच्या धुरापासून दूर राहावे. पेसमेकर असेल तर रिमोट व मोटर छातीजवळ धरू नये आणि सुरुवातीपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

बॅटरीविषयी काळजीवाहकांसाठी

या छंदातला सर्वांत गंभीर धोका लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरीचा आहे. तिच्या प्रत्येक सेलचा पूर्ण चार्ज ४.२ व्होल्टचा असतो. त्यापुढे गेल्यास, किंवा बॅटरीला इजा झाली असल्यास, ती पेट घेऊ शकते. तिच्यासाठी बनलेल्या चार्जरवरच ती चार्ज करावी, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर आणि कुणीतरी जागे व समोर असताना. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पंधरा-वीस दिवस खेळ नसेल तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. विसरभोळेपणा सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जुन्या प्रकारची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्यावी. ती थोडी जड आणि मंद असली, तरी चुका अधिक सोसते.

सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून खोक्यावर चिकटवावा. उलटा क्रम झाला तर ट्रक आदेशावाचून पळू शकतो.

हा खेळ विस्मरण बरे करतो, असा दावा मी करणार नाही. रोजच्या चालण्याची जागाही तो घेत नाही. शिवाय तो स्वस्त नाही, म्हणून आधी कुणाचा तरी ट्रक मागून दोन-तीन वेळा चालवून पाहावा आणि मगच खरेदीचा विचार करावा. घरातल्या तरुणांना एक विनंती: आजोबांना केवळ प्रेक्षक म्हणून खुर्चीवर बसवू नका. त्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्या, वही द्या आणि ट्रक बिघडला की आधी त्यांना विचारा.