भुवयांची निगा

जालन्याच्या केशकर्तनालयांत हल्ली कित्येक मुलगे भुवईत वस्तऱ्याने खाच पाडून घेतात. उलटपक्षी, मुलाने भुवईस हात लावणे हाच मुळी नखरा होय, असे काही पालक म्हणतात. आम्हांस या दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

भुवई ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. वैशाखात आमच्याकडे पारा 40 अंशांवर चढतो, तेव्हा कपाळावरून ओघळणारा घाम डोळ्यांत जाण्यापासून तीच अडविते. म्हणून तिला कोरू नये. परंतु तिची निगा राखण्यात कमीपणा तो कसला? नखे कापतो, केस विंचरतो, त्यांतलेच हे काम. लांब वाढलेले केस वर विंचरून टोके तेवढी कात्रीने छाटावीत. दोन भुवयांमधील केस नकोसे वाटल्यास स्वच्छ चिमट्याने एकेक, वाढीच्या दिशेने उपटावा. पण अतिरेक नको. वारंवार उपटलेला केस पुढे उगवेलच असे नाही.

वस्तरा लागणार असल्यास पाते नवे घालावयास सांगण्याची लाज धरू नये. हिपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचे विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरू शकतात, आणि वापरलेल्या पात्यावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्तातूनही ते दुसऱ्याच्या अंगात शिरू शकतात.

राहता राहिले जुळलेल्या भुवयांच्या सोबत्यास चिडविणारे. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, दोष त्याच्या भुवईत नाही, तुमच्या जिभेत आहे. आणि निगा प्रथम तिचीच राखावी.