साक्ष कोणाची धरायची?

मी ख्रिस्ती आहे हे कळले की आपल्या मंडळातली माणसे बहुधा दोन गोष्टी बोलतात, आणि दोन्ही आपुलकीने बोलतात. पहिली अशी: तुमच्या लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, फार मोठे काम केले, तेवढा धर्म मध्ये आणला नसता तर बरे झाले असते. दुसरी जरा आवाज खाली करून: पण गावाकडे गरिबाला काहीतरी देऊनच ख्रिस्ती केले ना? मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. या दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आता परदेशात, आपल्याच माणसांकडून त्या पुन्हा ऐकताना वाटते की याला नीट, लेखी उत्तर द्यायला हवे. वादासाठी नाही. माझा विश्वास काय आहे आणि तो माझ्या मुलखात कसा जगला गेला, हे आपल्या अंकात आपल्या भाषेत एकदा मांडावे, एवढ्यासाठी.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कायद्यातच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे बीड जिल्ह्यातला मातंग समाजाचा एखादा मुलगा उघडपणे बाप्तिस्मा घेतो, तेव्हा अनुसूचित जातीच्या आरक्षणावरचा, त्या शिष्यवृत्तीवरचा, राखीव जागेवरून निवडणूक लढवण्याचा हक्क सोडून देतो. गावाबाहेरच्या वस्तीतले त्याचे घर तिथेच राहते, पाणवठ्यावरचे बोलणेही तेच राहते. यात आमिष कुठे आहे? काही जण या भीतीने कागदावर एक आणि मनात एक असे जगतात. मला ते पटत नाही, पण त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण जातीचा दाखला गेला तर काय जाते हे मला ठाऊक आहे.

तरीही हा आरोप केवळ आकसातून आला असे मी म्हणणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात पुष्कळ महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांतली किती जण श्रद्धेने आली, किती पोटासाठी आणि किती जण माणूस म्हणून कोणी जवळ केले म्हणून, हे आज कोणाला वेगळे काढता येणार आहे? माझ्या मते त्या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. उपाशी माणसाची श्रद्धा खोटी आणि पोट भरलेल्याची खरी, हा निवाडा पोट भरलेल्यांनीच केलेला आहे. पण मिशनच्या लोकांचीही एक चूक मला दिसते, आणि ती अन्न देण्याची नाही. १८३० च्या दशकात मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाले. विल्सन विद्वान होते, मराठी-संस्कृत शिकलेले होते. पण त्या पिढीच्या पुष्कळ लिखाणात समोरच्याच्या देवाची टर उडवण्यावर जेवढा जोर होता, तेवढा आपला प्रभू दाखवण्यावर नव्हता. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर स्पष्ट सांगितले आहे की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. तो उत्तरार्ध गळाला की विश्वासाचे समर्थन उरत नाही, भांडण उरते. आजही मोबाइलवर हिंदू देवदेवतांना नावे ठेवून ख्रिस्ताचे काम केल्याचे समाधान मिळवणारे तरुण प्रचारक दिसतात. ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, गावोगाव सप्ताह बसतो, तिथे यातले काहीच न वाचता, न ऐकता सुवार्ता सांगायला निघणारा माणूस माझ्या दृष्टीने आळशी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते उघड सांगत. अभंग आणि कीर्तन हे आपलेच साधन आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी नगरच्या मंडळीला दाखवून दिले.

आता पहिला प्रश्न. सेवा करा, धर्म आणू नका. हा मला जास्त अवघड वाटतो, कारण विचारणारा आमची स्तुती करत असतो.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. सदनात धर्मशिक्षण नव्हते. विधवा मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती प्रार्थना करत, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. त्यावरून पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना दार लावून घेता आले असते. त्यांनी लावले नाही. मला इथे दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते. रानडे-भांडारकर कोत्या मनाचे नव्हते. एका आईविना मुलीवर तिच्या आवडत्या बाईंचा किती प्रभाव पडतो, ही त्यांची काळजी खरी होती. पण सेवा करणाऱ्या बाईने आपल्या सेवेचा झरा लपवून ठेवावा, ही मागणी मला मान्य होत नाही. त्याच सदनातली गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाली, ती हिंदूच राहिली, आणि सदनाने तिला दिलेले शिक्षण कोणी परत मागितले नाही. अट नको आणि लपवाछपवीही नको, ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी पाळता येतात, याचा याहून चांगला पुरावा मराठी इतिहासात मला सापडत नाही.

माझ्या गावाजवळचे उदाहरण जामखेडचे. नगरहून बीडकडे जाणारा रस्ता आमच्या कडा-आष्टीतून जामखेडला पोचतो. जिल्हा वेगळा, माती तीच, दुष्काळ तोच. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, अमेरिकेतून पुढचे शिक्षण घेतलेले. रजनीकांत नगर जिल्ह्यातले, मेबल जबलपूरच्या. मेबल यांचे वडील तिथल्या ईश्वरविद्या महाविद्यालयात नव्या कराराचे अध्यापक होते. लग्नातच दोघांनी खेड्यातल्या दुबळ्यांसाठी आयुष्य द्यायचे व्रत घेतले होते. हे व्रत येशूवरच्या श्रद्धेतून आले, हे त्यांनी कधी झाकले नाही, आणि उपचाराला आलेल्या कोणालाही धर्म विचारला नाही.

त्यांनी आल्या आल्या मोठे रुग्णालय बांधले नाही. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वर्षातच दगावत होती. बहुतेक जुलाबाने, कुपोषणाने, धनुर्वाताने. म्हणजे ज्याला शस्त्रक्रिया लागत नाही अशा कारणांनी. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात पाठवून पाहिल्या. त्या टिकेनात, आणि गाव त्यांचे ऐकेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. बाळंतपण कसे करायचे, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, कुष्ठरोग्याला घराबाहेर का काढायचे नाही. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसवले गेले, मग पाण्यासाठी सगळे गाव तिकडे चालत आले. १९९० च्या दशकात बालमृत्यूचा आकडा तिसाच्याही खाली आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच या कामाची नोंद घेतली, १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांतल्या एक, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांपुढे उभ्या राहून बोलल्या.

इथे कोणीही विचारील, आणि विचारलेच पाहिजे: हे सगळे धर्माशिवाय होत नाही का? होते. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला समाजवादी विचारांच्या डॉ. द्वारकादास लोहियांनी मानवलोक उभी केली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला शांतिवन ऊसतोड कामगारांची मुले शिकवते. बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया एचआयव्हीबाधित मुलांना घर देते. यांतली एकही संस्था ख्रिस्ती नाही, आणि मी त्यांच्यापुढे मान झुकवतो. म्हणून 'आम्ही सेवा करतो, यावरून आमचा धर्म खरा' असे जो ख्रिस्ती म्हणतो त्याचा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळतो. सेवेने विश्वास सिद्ध होत नाही.

मग माझा विश्वास कशावर उभा आहे? एका साक्षीवर. येशूला वधस्तंभावर मारले, पुरले, आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. ती रिकामी कबर आधी पाहिली बायकांनी. मग्दालीया मरीया त्यांत होती. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला न्यायसभेत फारसे मोल नव्हते. लूक तर लिहितो की प्रेषितांना त्यांचे बोलणे बाष्कळ वाटले. गोष्ट रचायची असती तर कोणत्याही शहाण्या माणसाने साक्षीला वजनदार पुरुष उभे केले असते. ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, त्यांच्याच तोंडी सगळ्यात मोठी बातमी देण्याचे कारण एकच दिसते: तसेच घडले होते. हा युक्तिवाद जुना आहे, विद्वानांनी तो अनेकदा मांडला आहे. मला तो कळला मात्र जामखेडकडे पाहून. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिच्या शब्दावर गावाने आपले तान्हे मूल सोपवले. देवाने एकदा जे केले म्हणून मी मानतो, त्याच रीतीने वागलेली दोन माणसे मी माझ्या मुलखात पाहिली. यातून पुनरुत्थान सिद्ध झाले असा माझा दावा नाही. पण तो विश्वास बाळगणारा माणूस कसा वागेल, कोणाला पुढे करील, हे तिथे दिसते. आणि जो तसा वागत नाही त्याने विश्वासाच्या समर्थनाला उभे राहू नये, असे मला ठामपणे वाटते.

हे मी आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही लावतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, राहायला फडाशेजारी कोपी. नाताळ नेमका हंगामाच्या मध्यात येतो. आमच्याकडच्या उपासनेत त्या दिवशी म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली पोरे असतात. ज्यांच्यासाठी गोठ्यातल्या बाळाची बातमी आहे ती माणसे सोलापूर-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात पाचटात बसलेली असतात. आजारी पडून काम बुडाले की खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना कर्करोगाची भीती घातलेली होती. या बाईला 'तुझे दुखणे काय आहे, तूच सांग' असे विचारणारा, आणि तिने सांगितलेले खरे मानणारा कोणी हवा होता. आमचे पाळक तिथे होते का? काही असतील. पुरेसे नव्हते. शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरकडे तिला घेऊन जाणारी, बाराखडी न येणारी का असेना पण धीट अशी एक बाई प्रत्येक टोळीत तयार करणे, हे मी आज बीडमधले पहिले सेवाकार्य मानतो. शंभर सुवार्ता-सभा त्यानंतर.

शेवटी पैशाबद्दल, कारण आपण बाहेर राहतो आणि पैसा इथून जातो. इथल्या काही मंडळ्या गावाकडे दान पाठवतात आणि वर्षअखेरीस बाप्तिस्म्यांचा आकडा आणि फोटो मागतात. ही मागणी बंद झाली पाहिजे. आकडा मागितला की तिकडचा पाळक आकड्याच्या मागे लागतो, आणि 'काहीतरी देऊन' हा आरोप आपणच आपल्या हाताने खरा करतो. हिशेब जरूर मागा: किती मुली दहावीला बसल्या, किती जणींना शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवले, किती कोपींवर पिण्याचे पाणी पोचले, आणि यांत ख्रिस्ती नसलेल्या किती घरांचा वाटा आहे. परकीय देणग्यांचा कायदा २०२० पासून कडक झाला आहे, एका संस्थेने घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही. तेव्हा नोंदणी असलेल्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या संस्थेलाच द्या, ती ख्रिस्ती असो की शांतिवनसारखी ख्रिस्ती नसलेली. आणि मंडळातल्या माझ्या हिंदू मित्रांना एवढीच विनंती की गावाकडच्या एखाद्या ख्रिस्ती नर्सने रात्रपाळी संपताना येशूचे नाव घेतले तर तिला दार लावायला सांगू नका. तिने तुमच्याकडून त्या नावाची किंमत मागितली, तर मात्र मला कळवा. तक्रार करायला तुमच्याबरोबर मी येईन.